मोडलेली सोयरीक आणि भरलेली सहल

सदर : घर आणि हिशेब

चातुर्मासात विवाह होत नाहीत. पण विवाहाचा आगाऊ भरणा बहुतेक याच चार महिन्यांत होतो. सगाई उन्हाळ्यात झालेली असते, मुहूर्त हिवाळ्यातला निघालेला असतो. मंगल कार्यालय, मंडप, केटरर आणि छायाचित्रकार यांच्या बयाण्याच्या जोडीला अलीकडे आणखी एक रक्कम महिनोन्महिने आधी भरली जाते. ती असते नवदांपत्याच्या सहलीची. अहिल्यानगरच्या कापड बाजारातील पेढी असो, की श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव येथील दुकान. दोन्ही घरांच्या संमतीने मुलगा आणि मुलगी काश्मीर, केरळ किंवा मॉरिशस निवडतात. लवकर भरले तर स्वस्त पडते, हा हिशेब व्यापारी घराला समजावून सांगावा लागत नाही.

आणि मग एखाद्या वेळी सोयरीक मोडते. कारणे अनेक असतात. स्वभाव जुळत नाहीत, एखादी गोष्ट लपवलेली निघते, किंवा दोघांपैकी एकाला उशिरा का होईना स्पष्ट दिसते, की हे आपल्याला जमणार नाही. दागिने आणि कपडे परत करण्याची रीत समाजाला ठाऊक आहे. मध्यस्थ बसतात आणि दोन दिवसांत देणे-घेणे मिटते. सहलीबाबत मात्र अशी रीत अजून पडलेली नाही. दोघांची नावे एकाच कागदावर, पैसे तिसऱ्याच कोणाच्या खात्यातून गेलेले, आणि परत किती मिळणार हे कोणालाच माहीत नाही, अशी स्थिती असते. म्हणूनच या एका बाबीवरून शांतपणे वेगळी झालेली दोन घरे पुन्हा भांडायला उभी राहतात.

गुंतलेली रक्कम आणि गुंतलेले आयुष्य

याहून गंभीर धोका भांडणाच्या आधीचा आहे. मुलगी आईला दबक्या आवाजात सांगते, की मन तयार होत नाही. आई वडिलांना सांगते. आणि घरातील पहिले उत्तर पुष्कळदा असे येते : "आता कसे? कार्यालयाचे भरले, पत्रिका छापल्या, सहलीचेसुद्धा पैसे गेले." मुलाच्या घरीही हेच घडते. कोणी मुद्दाम निष्ठुर नसते; पण भरलेल्या रकमेचा आकडा डोळ्यांसमोर असतो आणि पुढील चाळीस वर्षांचा आकडा कोणालाच मांडता येत नाही.

वस्तुतः हा विचार व्यापाराच्या नीतीलाही धरून नाही. हंगाम उलटलेला माल खरेदीच्या भावाकडे पाहून गोदामात ठेवणारा दुकानदार शहाणा समजला जात नाही. खरेदीला गेलेला पैसा गेलाच. यापुढे काय केल्याने कमी नुकसान होईल, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे असतो. बुडीत उधारी वर्षानुवर्षे खात्यावर जिवंत ठेवल्याने ती वसूल होत नाही. हे शहाणपण पेढीवर रोज वापरले जाते, पण घरातील निर्णयाच्या वेळी उंबऱ्याबाहेर राहते. सहलीचा बयाणा वाचवण्यासाठी उभे केलेले लग्न हा जगातील सर्वांत महागडा व्यवहार ठरतो, कारण त्यात परतफेडीची अट नसते.

म्हणून क्रम स्पष्ट असावा. विवाह करायचा की नाही, हा निर्णय प्रथम आणि स्वतंत्रपणे व्हावा. त्या बैठकीत पैशाचा शब्दही निघू नये. निर्णय झाल्यावर मात्र हिशेबाला एक दिवसही उशीर लावू नये, कारण रद्द करण्याचे शुल्क दिवसागणिक वाढत जाते.

प्रथम एक कागद

सोयरीक मोडल्याच्या आठवड्यात घरात रडणे असते, फोन असतात, नातेवाइकांची विचारपूस असते. अशा वेळी मुलगा किंवा मुलगी यांच्याकडे कागदपत्रे मागत बसू नये. दोन्हीकडून एकेक शांत डोक्याचा माणूस, काका, मामा किंवा वडील भाऊ, नेमावा आणि पुढील सर्व बोलणे त्या दोघांतच व्हावे.

त्यांनी एका कागदावर चार रकाने आखावेत : काय आरक्षित केले, पैसे कोणाच्या खात्यातून गेले, आज रद्द केले तर किती परत मिळतील, आणि कोणत्या तारखेनंतर ती रक्कम कमी होईल. रेल्वे, विमान, हॉटेल, सहल कंपनी, व्हिसा, विमा अशा प्रत्येक बाबीला स्वतंत्र ओळ द्यावी. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. सहल कंपन्यांच्या अटींमध्ये शुल्काचे टप्पे दिलेले असतात. निघण्याची तारीख जवळ आली, की कपात वाढते आणि शेवटच्या दिवसांत काहीच हाती लागत नाही. "जरा वातावरण निवळू द्या, मग बघू" असे म्हणण्यात जे पंधरा दिवस जातात, त्यांतच पुष्कळदा एक टप्पा ओलांडला जातो.

दुसरा रकानाही नीट भरावा. ऑनलाइन भरलेली रक्कम सामान्यतः ज्या कार्डावरून किंवा खात्यातून गेली, तेथेच परत येते. मुलीच्या भावाने मुलाला रोख किंवा फोनवरून रक्कम दिली असेल आणि मुलाने आपल्या कार्डावरून भरणा केला असेल, तर परतावा मुलाकडे जाईल. यात कोणाची लबाडी नसते. पण हे आधी लिहून ठेवले नाही, तर संशयाला जागा मिळते.

रेल्वेला नाते समजते, वाङ्‌निश्चय समजत नाही

तिकिटांच्या बाबतीत पहिला प्रश्न असतो, की एकाच्या नावावरचे तिकीट दुसऱ्याला वापरता येईल का. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाप्रमाणे नावाने दिलेल्या आरक्षित तिकिटावर तीच व्यक्ती प्रवास करू शकते. मात्र ठरावीक परिस्थितीत नाव बदलण्याची सोय आहे. पक्के आरक्षण असेल, तर वडील, आई, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती किंवा पत्नी यांच्या नावे तिकीट करून घेता येते. त्यासाठी गाडी सुटण्याच्या किमान २४ तास आधी आरक्षण कार्यालयात लेखी अर्ज, ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा द्यावा लागतो. हा बदल एकदाच होतो.

या यादीत वाग्दत्त वर किंवा वधू नाही. याचा व्यवहारातील अर्थ असा : मुलीच्या जागी तिची सख्खी बहीण किंवा आई जाऊ शकते; परंतु मुलाचे तिकीट मुलीच्या बहिणीच्या नावे होऊ शकत नाही. ते त्याच्याच घरातील कोणाच्या नावे होईल किंवा रद्द करावे लागेल. मुलीला बहिणीसोबत जायचे असेल, तर बहिणीसाठी नवे तिकीट काढणे एवढाच मार्ग उरतो. समाधान एवढेच, की १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधीच उघडते. त्यापूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. त्यामुळे सोयरीक त्याआधी मोडली असेल, तर रेल्वेचे पैसे बहुधा गुंतलेलेच नसतात. शिवाय पक्के तिकीट पुष्कळ दिवस आधी रद्द केले, तर कपात तुलनेने किरकोळ असते.

विमानाचे नियम अधिक कडक आहेत. तिकिटावरील नावाच्या स्पेलिंगची दुरुस्ती होते, पण एका व्यक्तीऐवजी दुसरी व्यक्ती बसवता येत नाही. सख्ख्या नात्यालाही सवलत नाही. हा नियम किती पक्का आहे, याचा एक किस्सा २०१४ च्या अखेरीस जगभर गाजला. कॅनडातील एका तरुणाने प्रेयसीसह जगप्रवासाची तिकिटे काढली होती आणि नंतर दोघे वेगळे झाले. नाव बदलता येईना, तेव्हा त्याने त्याच नावाची आणि कॅनडाचाच पासपोर्ट असलेली दुसरी स्त्री मिळावी म्हणून जाहीर आवाहन केले. तशी एक विद्यार्थिनी मिळाली आणि तिने त्या तिकिटांवर प्रवासही केला. कथा गमतीची आहे. परंतु घरंदाज कुटुंबाला नावाची जोडी शोधत हिंडणे शक्य नाही, आणि तशी गरजही नाही.

याचे कारण असे, की "नॉन-रिफंडेबल" हा शब्द वाचून पूर्ण रक्कम बुडाली असे समजणे चुकीचे आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे भारतातील विमान कंपनीला रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा अधिक घेता येत नाही. सरकारी कर, विमानतळ विकास शुल्क आणि प्रवासी सेवा शुल्क सवलतीच्या तिकिटावरही परत द्यावे लागतात. स्वस्त तिकिटात या रकमांचा वाटा लहान नसतो. उड्डाण शिर्डीच्या विमानतळावरून असो की पुणे-मुंबईहून, नियम एकच. तिकीट एजंटाकडून घेतले असले, तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीवर राहते. मात्र मागितल्याशिवाय आणि तिकीट वेळेत रद्द केल्याशिवाय हे पैसे आपोआप दारी येतील, अशा भरवशावर राहू नये. तारीख बदलण्याचे शुल्क रद्द करण्याच्या शुल्कापेक्षा कमी असेल आणि त्याच व्यक्तीला पुढे जायचे असेल, तर तोही पर्याय तपासावा.

व्हिसाचे शुल्क सामान्यतः परत मिळत नाही. ते सोडून द्यावे. मॉरिशस आणि मालदीव येथे भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही, म्हणून त्या सहलींत हा खर्चच नसतो. प्रवास विम्याबाबतही फार आशा धरू नये. सहल रद्द झाल्याची भरपाई बहुधा मृत्यू, गंभीर आजार, अपघात अशा यादीतील कारणांसाठी असते. सोयरीक मोडणे त्या यादीत सहसा आढळत नाही. प्रवास सुरू होण्यापूर्वी पॉलिसी रद्द करून हप्त्याचा काही भाग परत मिळतो का, एवढे विचारावे.

बयाणा किती आणि दंड किती

सर्वांत मोठी रक्कम सहल कंपनीकडे किंवा हॉटेलकडे असते. येथे दोन टोके टाळावीत. एक टोक म्हणजे "छापील अट आहे, आता काय बोलणार" असे म्हणून गप्प बसणे. दुसरे म्हणजे "आमच्या घरावर प्रसंग आला आहे, सगळे परत करा" असा हट्ट धरणे.

प्रसंग घरातला आहे आणि त्याची किंमत समोरच्या व्यापाऱ्याने का मोजावी, हा प्रश्न रास्त आहे. या बाबतीत इंग्लंडमधील एक जुना खटला उद्बोधक आहे. २६ आणि २७ जून १९०२ रोजी राजा सातवा एडवर्ड यांच्या राज्यारोहणाच्या मिरवणुका निघणार होत्या. त्या पाहण्यासाठी हेन्री नावाच्या गृहस्थाने लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावरील क्रेल यांच्या खोल्या दोन दिवसांसाठी ७५ पौंडांना ठरवल्या आणि २५ पौंड आगाऊ दिले. राजा आजारी पडला, मिरवणुका रद्द झाल्या. उरलेले ५० पौंड हेन्रीने द्यावेत का, हा वाद न्यायालयात गेला. १९०३ मध्ये निकाल लागला, की ज्या हेतूसाठी खोल्या घेतल्या, तो हेतूच दोघांच्याही हाताबाहेरील कारणाने नाहीसा झाला. म्हणून उरलेली रक्कम देणे लागत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५६ मध्येही करार पार पाडणे अशक्य झाल्यास तो संपुष्टात येतो, असे तत्त्व आहे. परंतु सोयरीक मोडणे हा राजाचा आजार नव्हे. तो दोन पक्षांचा स्वतःचा निर्णय आहे. हॉटेल जागेवर आहे, खोली तयार आहे. कलम ५६ चा आधार येथे मिळणे कठीण.

तरीही दुसरे कलम उपयोगी पडते. कलम ७४ सांगते, की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाईच मिळू शकते. १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व ठळक केले. दिल्लीतील मिळकतीच्या त्या सौद्यात खरेदीदाराने १,००० रुपये इसार आणि २४,००० रुपये किमतीपोटी दिले होते. सौदा मोडल्यावर विक्रेत्याने पूर्ण २५,००० जप्त करण्याचा हक्क सांगितला. न्यायालयाने इसाराचे १,००० रुपये ठेवू दिले. नुकसान सिद्ध न झाल्यामुळे २४,००० ची जप्ती मान्य केली नाही. बाजारात बसणाऱ्या माणसाला हा भेद चटकन उमजेल. शब्द पाळण्याची खूण म्हणून दिलेला बयाणा वेगळा, आणि किमतीपोटी दिलेली मोठी रक्कम वेगळी.

म्हणून कंपनीला पत्र लिहिताना भावनेऐवजी तीन मुद्दे असावेत. प्रवासाला इतके दिवस शिल्लक आहेत. तेवढ्या अवधीत खोली पुन्हा विकली जाणे शक्य आहे. त्यामुळे प्रत्यक्ष झालेला खर्च, जसे हॉटेलला दिलेली आणि परत न मिळणारी रक्कम, वजा करून उरलेले परत करावे. पत्र ई-मेलने पाठवावे आणि त्यावर तारीख असावी. फोनवरील गोड आश्वासन पुरावा ठरत नाही.

कराच्या दोन बाबी व्यापारी घरांनी विसरू नयेत. आगाऊ रकमेवर जीएसटी घेतला असेल आणि सेवाच पुरवली गेली नाही, तर कंपनीला रिफंड व्हाउचर देता येते; बिल तयार झाले असेल, तर क्रेडिट नोटचा मार्ग असतो. म्हणजे परत येणाऱ्या रकमेवरील कराचाही हिशेब मागावा. दुसरी बाब परदेशी सहलीची. तिच्या पॅकेजवर १ ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस आकारला जातो. त्याचे दर बदलत आले आहेत, त्यामुळे आपल्या बिलावरील आकडा पाहावा. ही रक्कम बुडालेली नसते. ज्याच्या पॅनवर ती जमा झाली, त्याच्या प्राप्तिकर विवरणपत्रात ती मागता येते. मुलाच्या पॅनवर टीसीएस आणि पैसे मुलीच्या वडिलांचे, असे झाले असेल, तर ती ओळ चार रकान्यांच्या कागदावर नक्की यावी.

बोलणे फिसकटलेच, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा मार्ग आहे. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने एक मोठी सोय केली : तक्रारदार जेथे राहतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. सहल कंपनी मुंबईची असली, तरी अहिल्यानगरच्या कुटुंबाला अहिल्यानगरातच दाद मागता येते. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही, आणि तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. पुष्कळ तंटे तेथेच मिटतात.

दोन घरांतील वाटणी

आता नाजूक भाग. समजा, केरळच्या सहलीचे १,८०,००० रुपये भरले होते. त्यांपैकी १,२०,००० मुलाकडून आणि ६०,००० मुलीकडून. रद्द केल्यावर १,२६,००० परत आले, म्हणजे तोटा ५४,००० रुपयांचा. हा तोटा निम्मा-निम्मा सोसायचा ठरला, तर प्रत्येकी २७,००० जाऊन मुलाकडे ९३,००० आणि मुलीकडे ३३,००० परत यावेत. भरलेल्या रकमेच्या प्रमाणात सोसायचा ठरला, तर तोटा ३६,००० आणि १८,००० असा पडेल. मग परतावा ८४,००० आणि ४२,०००. दोन्ही पद्धती न्याय्य आहेत. कोणती घ्यायची, हे बैठकीच्या सुरुवातीलाच ठरवावे. आकडे पाहून मागाहून नव्हे.

"ज्याने नकार दिला, त्याने सगळे भरावे" ही तिसरी पद्धत मात्र कटाक्षाने टाळावी. ती वरवर न्यायाची वाटते; पण तिने नकाराला दंड लागतो. उद्या समाजातील दुसरी एखादी मुलगी किंवा मुलगा खरे बोलण्यापूर्वी त्या दंडाचा विचार करील आणि गप्प बसेल. लग्नानंतर उघड होणाऱ्या सत्याची किंमत सहलीच्या बयाण्यात मोजता येत नाही. फसवणूकच झाली असेल, तर तो विषय वेगळा आहे. तो सहलीच्या हिशेबात मिसळू नये.

एक घर सहल वापरू इच्छित असेल, तर आणखी एक प्रश्न येतो. वरील उदाहरणात मुलगी आपल्या बहिणीसोबत तीच सहल करायचे ठरवते, असे धरू. मुलाच्या घराला तिने काय द्यावे? सहल रद्द झाली असती, तर त्यांना निम्म्या तोट्याच्या हिशेबाने ९३,००० मिळाले असते. म्हणून त्याहून कमी देणे अन्याय होईल. पूर्ण १,२०,००० मागणेही योग्य नाही, कारण तेवढे त्यांना कोठूनच मिळाले नसते. या दोन आकड्यांच्या मधे, नाव बदलण्याचा आणि नव्या तिकिटांचा खर्च लक्षात घेऊन, समजुतीचा आकडा निघतो. हिशेब मिटला, की दोन्ही बाजूंनी "येणे-देणे काही राहिले नाही" असे लिहून सह्या कराव्यात. दोन घरे उद्या एखाद्या लग्नात, स्थानकात किंवा बाजारात समोरासमोर येणारच आहेत. त्या भेटीत हिशेबाची सल नसावी.

सहल कोणाची?

रद्द करणे हा एकच मार्ग नव्हे. हॉटेलची खोली दोघांसाठी असते. ते दोघे पतिपत्नीच असावेत, असे बंधन नसते. पाहुण्यांची नावे कळवली, की बहुतेक हॉटेले बदल मान्य करतात. तीस-तीस वर्षे दुकानाला कुलूप न लावलेले आई-वडील अनेक घरांत आहेत. त्यांच्यासाठी तीच सहल उपयोगी पडू शकते. जैन भोजनाची व्यवस्था ठरलेली असेल, तर तीही वाया जात नाही. मात्र हे मुलीला किंवा मुलाला विचारूनच करावे. जखम ताजी असताना त्याच ठिकाणचे फोटो घरच्या ग्रुपवर झळकणे सोसवेलच असे नाही.

कंपनीने रोख परताव्याऐवजी पुढील सहलीसाठी रक्कम जमा ठेवू केली, तर तिची मुदत किती, ती दुसऱ्याच्या नावे वापरता येईल का, आणि हंगामात चालेल का, हे तीन प्रश्न विचारून लेखी उत्तर घ्यावे. अशी रक्कम स्त्रियांच्या स्वतंत्र सहलीत वळवता येते का, हेही पाहावे. केसरीची 'माय फेअर लेडी' आणि वीणा वर्ल्डची 'वुमन्स स्पेशल' यांसारख्या सहलींमुळे एकट्या मुलीने गटासोबत प्रवास करणे आता मराठी घरांना नवे राहिलेले नाही.

आणि ती एकटीच जाते म्हणाली तर? २०१४ च्या 'क्वीन' या हिंदी चित्रपटात लग्नाच्या तोंडावर नकार मिळालेली दिल्लीची साधी मुलगी ठरलेल्या मधुचंद्राच्या सहलीला एकटीच पॅरिस आणि ॲमस्टरडॅमला जाते. चित्रपट लोकप्रिय झाला, कंगना रनौत यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि घरोघरी त्याचे कौतुक झाले. पडद्यावर टाळ्या वाजवणारी घरे स्वतःच्या मुलीच्या वेळी मात्र दचकतात. दचकणे स्वाभाविक आहे. सुरक्षिततेची चौकशी अवश्य करावी, रोज फोनची वेळ ठरवावी, ओळखीचा पत्ता द्यावा. पण "लोक काय म्हणतील" हे एवढेच कारण असेल, तर ते पुरेसे नाही. हेच मुलालाही लागू आहे. मुलग्याचे दुःख घरात कोणी विचारत नाही. तो दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर बसला, की सगळे मिटले असे मानले जाते. त्यालाही चार दिवस मित्रासोबत किंवा भावासोबत बाहेर पडण्याची मुभा असावी.

उलट, जायचे नसेल, तर आग्रहही नको. "पैसे भरलेच आहेत, जा, मन रमेल" हा पुन्हा तोच बयाण्याचा विचार झाला. मन रमवण्यासाठी दूरच जावे लागते असे नाही. जिल्ह्यातच अकोले तालुक्यात भंडारदरा आहे. १९२६ साली पूर्ण झालेले विल्सन धरण, रतनवाडीचे प्राचीन अमृतेश्वर मंदिर, आणि राज्यातील सर्वोच्च, १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर तेथून जवळ आहे. घरची गाडी, घरचा डबा आणि सोबत एखादे समजूतदार माणूस एवढ्यावर तेथे दोन शांत दिवस काढता येतात.

जी सहल वापरली जाणार असेल, तिच्या बाबतीत एक छोटी काळजी घ्यावी. नवदांपत्याच्या पॅकेजमध्ये फुलांनी सजवलेली खोली, केक, मेणबत्तीच्या प्रकाशातले जेवण अशा गोष्टी धरलेल्या असतात. हॉटेलला आधी फोन करून त्या सर्व काढून टाकाव्यात, खोलीत दोन स्वतंत्र पलंग मागावेत, आणि आरक्षणावरील नवरा-बायको अशी नोंद बदलून घ्यावी. दार उघडताच पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचे हृदय दिसणे, हा घाव एका फोनने टाळता येतो. अशा वेळी दहा उपदेशांपेक्षा हा एक फोन अधिक मोलाचा असतो.

पुढच्या वेळी

सोयरीक जुळवताना मोडण्याचा विचार अशुभ मानला जातो. पण गोदामाचा विमा उतरवणारा व्यापारी आगीची इच्छा करत नसतो. सहल ठरवताना रद्द करण्याच्या अटी वाचाव्यात. थोडे अधिक पैसे देऊन परत मिळणारा दर घेता येत असेल, तर तो घ्यावा. शक्य असेल तर आरक्षण विवाहाच्या अगदी जवळ करावे. आणि प्रत्येकाने आपापल्या तिकिटाचे पैसे आपापल्या खात्यातून भरावेत. एवढ्याने निम्मा गुंता आधीच सुटलेला असतो.

उरलेल्या तोट्याला तोटा म्हणावे, तो खात्यावर एकदाच लिहावा आणि पान उलटावे. ज्या घरात मुलांना असे ठाऊक असते, की आपला नकार वडिलांना खर्चापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो, त्या घरातील मुले होकारही मनापासून देतात. काही हजारांच्या नुकसानीत एवढा विश्वास टिकला, तर त्या वर्षीचा ताळेबंद तोट्याचा म्हणता येणार नाही.